नियम कारणासकट हवेत

श्रोतेहो, नमस्कार.

जून उजाडला की आपल्या अप्पा बळवंत चौकात पाय ठेवायला जागा उरत नाही. वह्या, पुस्तकं, कव्हरं, कंपासपेट्या यांची खरेदी उरकते आणि मग शाळेकडून कागदांची चळत घरी येते. बसचा फॉर्म, फीचं वेळापत्रक, गणवेशाच्या सूचना, आणि अलीकडे त्यातच एक हमीपत्र. 'माझा पाल्य शाळेत मोबाईल आणणार नाही, इंटरनेटचा गैरवापर करणार नाही, तसे आढळल्यास शाळा घेईल तो निर्णय मला मान्य राहील.' खाली पालकाची सही, पाल्याची सही. सकाळच्या घाईत ओट्यावरच सही होते, कागद दप्तरात जातो, दप्तरातून बाईंकडे आणि बाईंकडून फायलीत.

मी पुण्यातल्या एका मराठी शाळेत संगणक शिकवते. अशी हमीपत्रं मी वर्षानुवर्षं गोळा करत आले आहे. शाळेत तंत्रज्ञान वापरायचं तर नियम हवेतच, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण ज्या नियमाचं कारण मुलाला माहीत नसतं, तो नियम शिक्षक पाठमोरे होईपर्यंतच टिकतो. आणि जो नियम फक्त मुलांना लागू असतो, मोठ्यांना नसतो, तो मुलं मनातून कधी मानतच नाहीत. आज मला तुमच्याशी बोलायचं आहे ते याबद्दल.

कारण कळलं की मुलं कशी वागतात, हे पाहायचं असेल तर २८ फेब्रुवारीला, म्हणजे विज्ञान दिनाला, नारायणगावजवळच्या खोडदला जाऊन या. तिथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. विज्ञान दिनानिमित्त तिथे प्रदर्शन भरतं आणि जिल्हाभरातल्या शाळांची मुलं येतात. तिथे मोबाईल बंद ठेवावा लागतो, आणि तो का, हे मुलांना समजावून सांगतात. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी अतिशय क्षीण असतात. आपल्या खिशातला फोन मात्र आपण बोलत नसलो तरी टॉवरशी सतत बोलत असतो, आणि त्याच्या गोंगाटात दूरच्या दीर्घिकेचा संदेश बुडून जातो. एवढं ऐकल्यावर आमच्या मुलांनी फोन नुसते सायलेंटवर टाकले नाहीत, पूर्ण बंद केले. वर सातवीतली एक मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, तुमचा केलात ना बंद?" मी फोन काढून तिला दाखवला. तिने खात्री करून घेतली आणि मगच पुढे गेली. वर्गात फोन लपवण्याच्या नाना युक्त्या करणारी हीच मुलं होती.

आता वर्गातल्या मोबाईलबंदीचं कारण आपण मुलांना कधी सांगतो का? युनेस्कोने २०२३ साली शिक्षणातल्या तंत्रज्ञानावर एक मोठा अहवाल काढला. त्यात एक गोष्ट नोंदवली आहे: फोनमुळे एकदा लक्ष उडालं की ते पुन्हा अभ्यासावर यायला वीस मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. आपला तास असतो पस्तीस-चाळीस मिनिटांचा. एक मेसेज वाचला की तासाचा अर्धा भाग पाण्यात, हा हिशेब पाचवीच्या मुलालाही मांडता येतो. आमच्या वर्गाने तो फळ्यावर मांडला, तेव्हा एका मुलाने विचारलं, "आणि शेजारच्याचा फोन वाजला तर?" तोच खरा मुद्दा आहे. फोन एकाचा, तास सगळ्यांचा.

जगात याबाबत बरंच काही चाललं आहे. फ्रान्सने २०१८ मध्येच पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळेत मोबाईल वापरायला कायद्याने बंदी केली. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खातं ठेवायला मनाई झाली आहे. आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये एका विद्यालयाच्या प्रकरणात जे सांगितलं, ते मला अधिक कामाचं वाटतं. सरसकट बंदी इष्टही नाही आणि जमणारीही नाही, असं न्यायालय म्हणालं. शक्य असेल तिथे फोन शाळेत आल्यावर जमा करून घ्यावेत आणि घरी जाताना परत द्यावेत. वर्गात वापर नको. शाळेच्या वाहनात आणि सामायिक जागांमध्ये रेकॉर्डिंग आणि फोटो काढायला मनाई असावी. आणि हे धोरण शाळेने पालक, शिक्षक आणि तज्ज्ञांशी बोलून ठरवावं.

पुण्यासारख्या शहराला हे लागू पडतं. हडपसरहून, सिंहगड रस्त्यावरून, धायरीहून पीएमपीच्या बसने पेठेतल्या शाळेत येणारी मुलं आहेत. शाळा सुटली की परस्पर क्लासला जातात, घरी पोहोचायला सात वाजतात. त्यांच्या आईवडिलांना मुलाजवळ फोन हवासा वाटतो, यात चूक काहीच नाही. मग शाळेने नंबर घातलेले कप्पे करावेत, पहिल्या तासाला फोन बंद करून तिथे ठेवावा, सुटताना न्यावा. फोन हरवला किंवा काच फुटली तर जबाबदारी कोणाची, हेही आधीच लिहून ठेवावं. नाहीतर पहिल्याच भांडणात ही व्यवस्था मोडते.

आता आमच्या संगणक कक्षातली एक गोष्ट सांगते. एका संगणकावर दोन-तीन मुलं बसतात, तास संपल्याची घंटा होते, पुढचा वर्ग दारात उभा असतो. अशा गडबडीत आठवीतली एक मुलगी आपलं खातं तसंच उघडं ठेवून उठली. पुढच्या तासाला तिथे बसलेल्या कुणीतरी तिच्या नावाने वर्गातल्या एका मुलाला मेसेज पाठवला. मधल्या सुट्टीपर्यंत तो सगळ्या वर्गात फिरला. मुलीला काही माहीतच नव्हतं. लोक आपल्याकडे बघून का हसतायत, हे तिला कळेना. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही.

ज्यांनी केलं त्यांचं म्हणणं, "गंमत केली, बाई." मी तो पूर्ण तास त्यावर घालवला. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ सी त्यांना वाचून दाखवलं. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख अप्रामाणिकपणे वापरली तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. कायदा वाचून मुलं गप्प झाली खरी, पण गप्प होणं आणि पटणं यात अंतर आहे. मग मी त्यांना सांगितलं की आता यावर नियम तुम्हीच करा. बराच वेळ खल झाला. 'उठताना लॉगआऊट करणे' हे कुणीही सुचवलं असतं. पण त्यांनी खाली अजून एक ओळ लिहिली: 'कुणाचं खातं उघडं दिसलं तर आपण बंद करायचं, वाचायचं नाही.'

शाळांच्या हमीपत्रात ही दुसरी ओळ मला कुठे दिसलेली नाही. आपण मोठी माणसं सगळे नियम चुकणाऱ्यासाठी लिहितो. ज्याच्या हाती दुसऱ्याची चूक लागते, त्याने कसं वागायचं, ते लिहायचं आपल्याला सुचत नाही. मुलांना सुचलं, कारण त्यांनी तो दिवस वर्गात बसून पाहिला होता. तो कागद आजही प्रत्येक संगणकाशेजारी चिकटवलेला आहे, त्यांच्याच अक्षरात.

फिल्टरविषयी थोडं सांगून पुढे जाते. शाळेच्या नेटवर्कवर नको त्या साइट अडवणारी व्यवस्था असायलाच हवी. पण मुलाच्या फोनवर स्वतःचा डेटा असेल तर शाळेचा फिल्टर तिथे काहीच करू शकत नाही. आणि कडक फिल्टर कधीकधी जीवशास्त्रातला प्रजननाचा धडाही अडवून ठेवतो. त्यामुळे फिल्टर बसवला म्हणजे आपलं काम संपलं, असं कोणत्याही शाळेने समजू नये.

यापुढचं मी मोठ्यांसाठी सांगणार आहे, आणि जरा सविस्तर सांगणार आहे.

दिवसभर शाळेत मोबाईलला मनाई असते, आणि रात्री साडेनऊला वर्गाच्या ग्रुपवर गृहपाठ येऊन पडतो. 'उद्या हिरव्या रंगाचा कार्डपेपर आणणे.' मूल वडिलांचा फोन मागतं, गृहपाठ पाहून झाला की फोन तसाच हातात राहतो. व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम या दोन्हींच्या स्वतःच्या नियमांनुसार खातं उघडायला किमान तेरा वर्षं वय लागतं. पाचवीचं मूल दहा-अकरा वर्षांचं असतं. त्या मुलांचेच ग्रुप शाळा किंवा क्लास काढत असतील, तर खोटं वय टाकायला आपणच शिकवतो आहोत. म्हणून शाळेच्या नियमावलीत शिक्षकांसाठीही एक नियम असावा: गृहपाठ शाळा सुटण्याआधी फळ्यावर आणि वहीत. संध्याकाळी सातनंतर ग्रुपवर फक्त तातडीची गोष्ट, जसं मुसळधार पावसाची सुट्टी.

तंत्रज्ञान नकोच, असं म्हणायची सोय आता नाही, आणि मला तसं म्हणायचंही नाही. सेनापती बापट रस्त्यावरच्या आपल्या बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात कुणालाही मोफत उतरवून घेता येतात. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड असतो, तो स्कॅन केला की सरकारच्या दीक्षा ॲपवर धड्याचं साहित्य उघडतं. ज्या घरात शिकवणी परवडत नाही, तिथे आईच्या साध्या स्मार्टफोनवर उघडलेला तो व्हिडिओ म्हणजे मोठा आधार असतो. मी पालकांना एवढंच सांगते: रविवारी आठवड्याचे धडे एकदम उतरवून घ्या आणि मग डेटा बंद करून मुलाच्या हातात फोन द्या. धडा बघून होतो आणि त्यातून भलतीकडे जायची वाट उघडी राहत नाही.

दुसरी गोष्ट फोटोंची. गॅदरिंग झालं की रात्रीत शंभरेक फोटो शाळेच्या पानावर चढतात. मुलाचं नाव, इयत्ता, तुकडी, शाळेचा बिल्ला, सगळं स्पष्ट. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ साली संसदेने मंजूर केला. त्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक मूल बालक मानलं आहे, त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे, आणि मुलांवर पाळत ठेवायला आणि त्यांना नेमून दाखवल्या जाणाऱ्या जाहिरातींना त्यात मनाई आहे. शैक्षणिक कामासाठी काही सवलती असतील, पण पालक म्हणून आपण विचारलंच पाहिजे: फी भरायचं, हजेरी दाखवायचं हे जे ॲप तुम्ही आम्हाला घ्यायला लावता, ते माझ्या मुलीची कोणकोणती माहिती घेतं आणि ती कोणाकडे जाते? आणि पालकांच्या संमतीबरोबर मुलालाही विचारायला हवं. नाटकातल्या वेशात, रंगलेल्या चेहऱ्याने, रडवेल्या अवस्थेत काढलेला फोटो जगाला दाखवायचा की नाही, हे सांगण्याएवढं दुसरीतलं मूलही शहाणं असतं.

आता सगळ्या स्टाफरूममध्ये ज्याची चर्चा आहे, ती कृत्रिम बुद्धिमत्ता. नववीतल्या एका मुलाने मुळा-मुठेवर प्रकल्प आणला. भाषा गुळगुळीत, मथळे नीटनेटके. त्यात एक वाक्य होतं की मुठा नदी थेट कृष्णेला जाऊन मिळते. मी त्याला काही बोलले नाही, भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा दाखवला आणि म्हटलं, बोट ठेवून मला नदीबरोबर घेऊन चल. तो खडकवासल्याहून निघाला, संगमावर मुळा येऊन मिळाली, पुढे मुळा-मुठा पूर्वेला गेली आणि भीमेला मिळाली. भीमा मग सोलापूर जिल्ह्यातून पुढे कर्नाटकात जाऊन कृष्णेला मिळते. बोट भीमेवर आलं तेव्हाच तो थांबला. "बाई, मी हे वाचलंच नव्हतं," म्हणाला. रोज संगम पुलावरून शाळेत येणारा मुलगा.

त्याने यंत्राची मदत घेतली, याचा मला राग नाही. स्वतःच्या नावावर जे दिलं ते त्याने वाचलं नव्हतं, हे मला गंभीर वाटतं. आम्ही मग नियम केला की मदत घ्या, पण कुठे घेतली ते शेवटी लिहा. त्यातली माहिती निदान एका पुस्तकात किंवा नकाशात ताडून पाहा. आणि प्रकल्पावर वर्गासमोर पाच मिनिटं तोंडी बोला. हे शेवटचं सगळ्यांत कामी आलं. ज्याने समजून घेतलं आहे तो बोलतो, मग मदत कुणाचीही असो.

आणि आता नियम मोडला तर काय, याविषयी. माझ्या दृष्टीने नियमावलीचा सगळ्यांत महत्त्वाचा भाग हाच आहे, आणि नेमका तोच एका ओळीत उरकलेला असतो: 'शाळा घेईल तो निर्णय.'

जप्त केलेला फोन शिक्षकांनी उघडायचा नाही. हे स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितलं आहे, आणि मूल हेही नागरिकच आहे. मुलीच्या फोनमधला मेसेज भर वर्गात मोठ्याने वाचून दाखवणं, हे मी शिस्त मानत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे, आणि हा प्रकार मानसिक छळाचाच आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याहून नाजूक प्रसंग येतात. एखाद्या मुलाचा किंवा मुलीचा आक्षेपार्ह फोटो वर्गात फिरतो. अशा वेळी घाबरलेले शिक्षक पुरावा म्हणून तो फोटो मुख्याध्यापकांना व्हॉट्सॲपवर पाठवतात, मुख्याध्यापक तो संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना. हेतू चांगला असतो, पण हे कधीही करू नका. लहान मुलांची अशी चित्रं पुढे पाठवणं हा गुन्हा आहे. ती पाहणं आणि जवळ बाळगणं हाही पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. फोन बंद करा, सीलबंद पाकिटात ठेवा, पालकांना बोलवा आणि पोलिसांना कळवा. असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना सांगणं पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. शाळेची अब्रू जाईल म्हणून प्रकरण मिटवायचा अधिकार कोणत्याही संस्थेला नाही. आणि त्या मुलाचं नाव स्टाफरूममध्येसुद्धा उच्चारलं जाऊ नये.

पण इथवर येण्याआधीच मूल आपल्याकडे का येत नाही? मी अनेक मुलांशी बोलले आहे. कुणी अनोळखी माणूस ऑनलाइन गेममध्ये बोलायला लागला, त्याने फोटो मागितले, मग धमकी दिली. मूल आठवडाभर जेवत नाही, पण घरी सांगत नाही. कारण विचारलं तर उत्तर जवळपास सारखंच येतं: "सांगितलं तर मोबाईल काढून घेतील." मुलाला धमकी देणाऱ्यापेक्षा आपली भीती जास्त वाटते, आणि धमकी देणारा नेमकं हेच जाणून असतो. 'तुझ्या आईला सांगीन' एवढंच त्याला म्हणावं लागतं.

म्हणून शाळेच्या नियमावलीत पहिला नियम असा असावा, असं मला मनापासून वाटतं: जो येऊन सांगेल, त्याला सांगितल्याबद्दल शिक्षा होणार नाही. त्याच्याकडून आधी नियम मोडला गेला असला, तरीही. आणि हाच शब्द आईवडिलांनी घरी द्यावा. आज रात्री जेवताना द्या. 'काहीही झालं तरी आधी मला सांग, मी ओरडणार नाही.' आणि खरंच ओरडू नका. पहिल्या वेळी ओरडलात तर दुसऱ्यांदा मूल येणार नाही.

शाळेत कुणाकडे जायचं, तेही मुलांना नावानिशी माहीत हवं. राज्यातल्या शाळांमध्ये मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी, असा शासनाचा निर्णय आहे. आपल्या शाळेत ती आहे का, त्यात कोण आहे, ते दर्शनी भागात लावलं आहे का, हे पाहून या. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा मोफत क्रमांक आहे. ऑनलाइन पैशांची फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करा, कारण जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवून ठेवण्याची शक्यता जास्त. हे दोन्ही आकडे मुलांच्या दैनंदिनीच्या पहिल्या पानावर छापून घ्या.

तुमच्या शाळेची पुढची पालक सभा होईल, तेव्हा ते हमीपत्र बरोबर घेऊन जा. प्रत्येक नियमापुढे विचारा: याचं कारण काय, ते मुलांना सांगितलं आहे का, आणि हा शिक्षकांना आणि आम्हाला लागू आहे का? सातवी-आठवीच्या प्रत्येक तुकडीतली दोन मुलं त्या सभेला बसू द्या आणि त्यांना आधी बोलू द्या, कारण मोठ्यांनंतर मुलं बोलत नाहीत. ठरेल ते एका पानात बसवा. दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा एकदा बसा, तोवर दोन नवी ॲप आलेली असतील. आणि सभा सुरू होताना सगळ्यांनी आपापले फोन बंद करून त्या नंबर घातलेल्या कप्प्यांत ठेवा, मुख्याध्यापकांपासून सुरुवात करून.

नमस्कार.